दिगू, तुझा साधा आवाज

दिगू, तुझ्या दहाव्याला जेवढी माणसं जमली होती तेवढी माझ्या लग्नालाही नव्हती. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो. पुढे मी दुःखाचं काही लिहिलं तर त्यात हेवा किती मिसळलाय याचा अंदाज तुला असलेला बरा. तुला तो तसाही होता.

तुझ्या गावी, कळसच्या ओढ्याकाठी मंडप घातला होता. मोटारसायकलींची रांग डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती. डाळिंबाची फवारणी अर्धी टाकून माणसं आली होती, कुणाच्या पायाला अजून चिखल होता. मी मागे उभा राहून हिशेब करत होतो की उद्या मी गेलो तर बारामतीतून कोण कोण येईल. आमच्या सोसायटीतले येतील, पण गाडी लावायला सावली मिळणार असेल तर.

प्रवचन संपलं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आपल्याकडे दहाव्याला माणसाबद्दल तेच बोलतात ज्यांना त्याच्याबद्दल काही ठाऊक नसतं. पहिल्याने तुला 'संगणकमहर्षी' केलं. दुसऱ्याने तू मोबाईल दुरुस्तीत केलेल्या क्रांतीचा उल्लेख केला. तिसरा म्हणाला, हा तरुण अमेरिकेत जाऊ शकला असता, पण मातीसाठी थांबला. तुझ्याकडे पासपोर्ट नव्हता, दिगू, आणि विमानाला तू घाबरायचास. पण ते सगळं इतक्या गंभीर आवाजात चाललं होतं की मीही क्षणभर तुला ओळखेनासा झालो. शिवाय प्रत्येक वक्त्याच्या शेवटच्या शब्दाला एकोची लांब शेपटी. "कधीही न भरून येणारी हानी... हानी... नी."

मला राहवलं नाही. मंडपाच्या मागे जाऊन साउंडवाल्याला म्हणालो, "एको काढ की जरा. दहावा आहे, सभा नाही."

"काढतो की," तो म्हणाला, "पण पुढारी चिडत्यात, सायेब. एको काढला की म्हनत्यात आवाज बारका आला. मागच्या टायमाला एकानं माईकच हापटला."

तो तुझ्याच गावचा. ज्याच्या दहाव्याला तो मशीन लावून बसला होता त्या माणसाने त्याच एकोवर किती वर्षं घालवली, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तोही भाषणाला उभा राहिला असता.

वाचणाऱ्यासाठी इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात, तू कंटाळलास तरी. आपण दोघांनी भजनी मंडळांसाठी फोनवरचं एक ॲप केलं. कानात हेडफोन घालून फोनसमोर गायचं, आणि गाता गाताच आपला आवाज देवळातल्यासारखा किंवा मंडपातल्यासारखा होऊन कानात यायचा. बारामतीत भिगवण रस्त्याला खतांच्या दुकानावर आपली खोली होती. तू रोज कळसहून यायचास आणि संध्याकाळ झाली की परत जायचास. मी पुस्तकं वाचतो म्हणून तू मला पंत म्हणायचास. कॉलेजातली ओळख. नोकऱ्या दोघांनीही सोडल्या होत्या, फक्त तू हसत सोडलीस.

पहिलं ॲप मी लिहिलं होतं. ते घेऊन आपण लोणी भापकरला गेलो. तिथल्या मंडळाचे गुलाबतात्या गायला बसले, मी मोठ्या अभिमानाने त्यांच्या कानात हेडफोन घातले. तात्यांचा आवाज फोनमध्ये जाऊन, एको चढवून, पुन्हा कानात यायला क्षणभर उशीर होत होता. क्षणभरच. पण गाणारा माणूस कानाला धरून चालतो. तात्या आपल्या आवाजाची वाट बघायला थांबले. थांबले म्हणून आवाज आणखी मागून आला, म्हणून ते आणखी थांबले. पखवाजवाला टाळकऱ्यांकडे बघायला लागला, टाळकरी तात्यांकडे, आणि ठेक्यात सुरू झालेला अभंग असा सावकाश होत गेला की शेवटी उठून कुणाला खांदा द्यायचाय की काय असं वाटायला लागलं. तात्यांनी हेडफोन काढले आणि तुझ्याकडे बघून म्हणाले, "दिगू, कोण तर माज्या मागनं माजंच म्हनतंय रं. अन् त्येला येत न्हाय."

तू हसून हसून आडवा झालास. अख्खं मंडळ हसलं. मीही हसलो, पण मी एकटाच खोटं हसत होतो.

परतताना गाडीवर तू म्हणालास, "पंत, हे तळमजल्यावर न्यावं लागंल."

तळमजला हा तुझा शब्द. फोनमधली बहुतेक ॲप्स वरच्या मजल्यावर राहतात. तिथली भाषा सोपी, सगळी उठाठेव फोन सांभाळतो, फक्त मधूनमधून तो झाडलोट करायला, वापरून टाकलेली जागा मोकळी करायला थांबतो. बटणांना आणि चित्रांना ते चालतं. आवाजाला चालत नाही, कानाला एवढासा खंडही कळतो. म्हणून आवाजाचं काम खाली, यंत्राला लागून, सी प्लस प्लसमध्ये लिहायचं. त्याला नेटिव्ह कोड म्हणतात. तिथे झाडायला कुणी येत नाही, आपला केर आपणच काढायचा, आणि चुकलं तर ॲप कारण न सांगता मान टाकतं. मला ती भाषा कॉलेजात पेपरापुरती आली होती. तुला पेपरातही आली नव्हती. पण तू बसलास, आणि उसाला पाणी देऊन आल्यासारखा एके दिवशी सहज म्हणालास, "झालं बघ."

मी मोठ्या उत्साहाने तपासायला गेलो. झालं नसावं अशी माझी मनापासून इच्छा होती. तू टेबलावर नखाने टकटक केलीस, हेडफोनमध्ये ऐकलीस आणि म्हणालास, "अजून जरा मागं हाय." मला दोन्ही आवाज एकच ऐकू येत होते. मी उशीर मोजायचं यंत्र लावलं. ते तुझ्या बाजूने बोललं. नंतरही जेव्हा जेव्हा माझं यंत्र आणि तुझा कान यांच्यात वाद झाला तेव्हा यंत्र तुझ्याच बाजूने बोललं, आणि ते यंत्र विकत मीच आणलेलं होतं.

तुझे त्या कोडचे नियम होते. आवाज जिथून जातो त्या छोट्या फंक्शनमध्ये थांबायचं नाही, काही मागायचं नाही, बोलायचं नाही. म्हणजे कुणाची वाट बघायची नाही, फोनकडे नवीन जागा मागायची नाही, आत काय चाललंय ते बाहेर छापायचं नाही. एकदा मी तुझ्या माघारी तिथे एक ओळ घातली, आत काय चाललंय ते छापायची. दुपारी तू हेडफोन घातलेस. कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता. तू स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाहीस.

"पंत," तू म्हणालास, "तू आत बोललास व्हय?"

एखाद्या माणसाचा असा कान बघून दुसऱ्या माणसाला काय वाटावं? आदर, असं पुस्तकात लिहितात.

आणि लोक. लोणी भापकरला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तात्या गाऊन झाल्यावर म्हणाले, "आता कसं, मी अन् मीच," आणि तुझ्या पाठीवर थाप मारली. माझ्याकडे बोट करून कुणीतरी विचारलं, "हे कोण?" तर उत्तर आलं, "दिगूबरोबरचं हायत." मी इतकी वर्षं दिगूबरोबरचा होतो. वडगाव निंबाळकरला ॲप दाखवायला गेलो त्या घरी नुकतीच म्हैस व्यायली होती. तुझ्यापुढे खरवसाची भरलेली ताटली आली. माझ्यापुढे वाटी धरून घरच्या बाईंनी विचारलं, "तुमाला साखरंचा तरास हाय का?" मी नाही म्हणेपर्यंत वाटी आत गेली. तू तुझ्यातला निम्मा खरवस मला दिलास. तेही मला लागलं. देणारा तू आणि घेणारा मी, हे खरवसापर्यंत आलं होतं.

ॲपमध्ये आपण चार आवाज ठेवले होते: गाभारा, विहीर, मंडप आणि सत्कार. गाभारा तुझा लाडका. पण लोकांनी सत्कार उचलला. सत्कार म्हणजे शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमातला माईक, लांबलचक एको, साधं 'बसा' म्हटलं तरी तीन वेळा बसावं लागेल असा. आपल्या बारामती-इंदापूर दोन्ही तालुक्यांत माणसाचा आवाज घुमला नाही तर तो महत्त्वाचा नाही असा समज आहे, त्यामुळे देवाचं नावसुद्धा लोकांना सत्कारातच घ्यायचं होतं. मी म्हणालो, हा चावटपणा आहे. तू म्हणालास, "लोकांना आवडतंय नव्हं?" आणि ॲप उघडलं की आधी सत्कारच लागेल असं करून टाकलंस. बाहेरच्या गावचं कुणी ही चूक करणार नाही. सुरुवातीलाच साधा आवाज देईल आणि ज्याला हवा त्याला एको चढवू देईल. आपल्याकडे उलटं.

आपलं खरं भांडण त्याच्या पुढचं. तुझ्या कोडमध्ये आवाज आत यायचा, एको चढायचा, आणि जे तयार व्हायचं तेच फायलीत जायचं. मूळ साधा आवाज कुठेच राहायचा नाही. मी म्हणायचो, साधा आवाजही बाजूला साठवू, कधी लागेल सांगता येत नाही. तू म्हणायचास, "कुणाला लागंल? मानसानं सोताचा उघडा आवाज ऐकला की गानं सोडतो." मी म्हणायचो, ही बेफिकिरी आहे. तू म्हणायचास, जागा किती खाईल ठाऊक आहे का, तात्यांच्या फोनात नातवाचे फोटो मावत नाहीत. हे भांडण आपण इतके दिवस केलं की खालचा खतवाला जिन्यात भेटला की विचारायचा, "काय ठरलं साध्या आवाजाचं?"

काही ठरलं नाही. एका सकाळी तुझ्या छातीत कळ आली आणि इंदापूरचा दवाखाना येईपर्यंत तू नव्हतास.

दहाव्यानंतर काही दिवसांनी मी तुझ्या घरी गेलो, खोलीवरच्या तुझ्या वस्तू द्यायला. वैशालीवहिनी वट्यावर शेंगा निवडत होत्या. तुझ्या बायकोशी माझं बोलणं कधी चार वाक्यांच्या पुढे गेलं नव्हतं. त्याचं कारण त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं. तुझं लग्न होईपर्यंत तू अंधार पडेस्तोवर खोलीवर असायचास. लग्नानंतर ऊन कललं की घड्याळाकडे बघायचास. मी चांगलं काहीतरी वाचून दाखवत असलो तरी बघायचास.

त्यांनी वस्तू घेतल्या, बाजूला ठेवल्या आणि विचारलं, "भावजी, त्यांचा साधा आवाज हाय का कुठं तुमच्याकडं?"

मी दचकलो. "साधा म्हणजे?"

"मंडपातला न्हाय. हितं वट्यावर बसून बोलायचे तसा. परी आत्ता बारकी हाय. उद्या इचारील, पप्पा कसं बोलायचे. मी काय करून दाखवू?"

दिगू, आवाजाचं काम करणाऱ्या माणसाने स्वतःचा आवाज मागे ठेवू नये हे फक्त तुलाच जमलं. लग्नाच्या व्हिडिओत फोटोग्राफरने तुझ्या तोंडावर सनई घातली आहे. व्हॉट्सॲपवर तू बोलून कधी काही पाठवायचा नाहीस, ते आवाजाचा चोथा करतं म्हणायचास. परीचे व्हिडिओ तूच काढलेस, आणि काढताना गप्प राहिलास, कारण फोन धरणाऱ्याने बोललं की रेकॉर्डिंग बिघडतं. घरात तुझा आवाज नव्हता. होता तो माझ्या लॅपटॉपवर, आपल्या चाचण्यांमध्ये. आणि ती सगळी रेकॉर्डिंग सत्कारमध्ये केलेली.

मी एक लावून दाखवलं. "पंत... पंत... खिडकी लाव... लाव... आव." वहिनींनी थोडं ऐकलं आणि हात वर केला. "नको. हे तर दहाव्यातल्यासारखंच वाटतंय." मग म्हणाल्या, "ह्यातला एको काढता येतो का?"

"बघतो," मी म्हणालो. आपल्या धंद्यात 'बघतो' म्हणजे नाही.

खरं सांगू? रस्त्यात मला त्यांचा रागच आला. एवढी वर्षं साधा आवाज यांनाच मिळत होता. वट्यावर, जेवताना, पहाटे. मला मिळाला तो खोलीवरचा, वादातला, हेडफोनमधला. आता उरलासुरला माझ्याकडे आहे तर तोही यांना हवा. मी भिगवण रस्त्याला पोचेपर्यंत असं काही काही मनात म्हणत होतो, आणि खोलीचं कुलूप काढून तुझा तळमजला उघडून बसलो.

तू असताना मी ते कोड कधी नीट वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर कबूल करावं लागलं असतं. आता वाचलं. इंग्रजी अक्षरांत तुझी नावं: उशीर, शेपूट, झाकण. बाकी जगात अशा गोष्टींना भारदस्त नावं असतात. तुझा एको अगदी साधा होता. थोड्या वेळापूर्वी जे बाहेर गेलं तेच बारीक करून आत्ताच्या आवाजात मिसळायचं. किती वेळापूर्वीचं, तो उशीर. किती बारीक, ती शेपूट. मी त्या दोन ओळींकडे बघत बसलो आणि मग कळलं की जे ठरलेल्या मापाने मिसळलंय ते त्याच मापाने वजा करता येईल. चहाच्या टपरीवरचे साउंडवाले सांगतात एकदा चढलेला एको निघत नाही. मशीनमधला निघत नसेल. तुझा निघणार होता, कारण तुझी मापं माझ्यासमोर होती.

मी वजाबाकी लिहिली. तुझ्याच भाषेत, खालच्या मजल्यावर. ऐकलं तर एकाचे दोन दिगू झाले होते. एको गेला नव्हता, त्याच्यावर माझाही एको चढला होता. दोन दिवस मला वाटत होतं की तुझं कोड तुझ्यासारखंच माझ्यावर हसतंय. मग आठवलं. प्रत्येक फोन एका सेकंदाचे तुकडे आपल्या मर्जीने पाडतो, कुणी जास्त कुणी कमी, आणि उशीर तू त्या त्या फोनच्या तुकड्यांत मोजला होतास. मी माझ्या फोनचे तुकडे धरले होते. चाचण्या तुझ्या जुन्या फोनवर व्हायच्या, तो ज्याची काच तडकलेली होती. त्याचे तुकडे धरून पुन्हा वजाबाकी केली.

आणि तू बोललास. घुमल्याशिवाय, खोलीत बसल्यासारखा. "पंत, खिडकी लाव. खालचा ट्रॅक्टर येतोय आवाजात." मी खरंच खिडकीकडे बघितलं.

सगळा आवाज मात्र सुटला नाही. मोठ्या आवाजाने हेडफोन फाटू नये म्हणून तू शेवटी ते झाकण लावलं होतंस, जोराचा आवाज आला की ते त्याला दाबायचं. जिथे झाकणाने दाबलं तिथे माप बिघडलेलं, तिथे वजाबाकी चालेना. चाचणीत तू निवेदकाची नक्कल करून ओरडायचास, "यानंतर व्यासपीठावरील मान्यवरांना मी विनंती करतो की", ते सगळं चिरकं आणि तुटकंच राहिलं. नितळ निघालं ते फक्त मध्ये मध्ये हळू बोललेलं. तुझा मोठेपणाचा आवाज गेला आणि पुटपुटणं राहिलं. मला ते योग्यच वाटलं.

त्या पुटपुटण्यात मीही होतो, अर्थातच. खोलीत आपण दोघंच असायचो. वहिनींना द्यायची फाईल करताना मी माझा आवाज कापून टाकला. त्यांना तू हवा होतास, मी कशाला? असं मी स्वतःला सांगितलं. पण अख्खी फाईल, दोघांची, मी माझ्याकडे ठेवली आणि तिचं नाव बदललं.

मग कळसला गेलो. दुपारची वेळ होती. वट्यावर बसून वहिनींनी हेडफोन घातले. मी समोरच्या डाळिंबांकडे बघत बसलो, कारण त्यांच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती आणि काय ऐकतायत ते मला पाठ होतं. आधी खिडकी आणि ट्रॅक्टर. मग तू काहीतरी गुणगुणतोस. मग ते साध्या आवाजाचं भांडण, आणि तुझं ते वाक्य: "पंत, तुझं म्हननं चुकीचं न्हाय. पन तू म्हनतोयस म्हनून मी करनार न्हाय. दोन दिवस जाऊ दे. मग मला माझंच सुचल्यासारखं करतो."

वहिनी हसल्या. डोळे पुसत हसल्या. पुन्हा मागे घेऊन ऐकलं. मग हेडफोन गळ्यात उतरवून माझ्याकडे बघितलं.

"असं बोलायचे व्हय तुमच्यासंगं?"

"असंच," मी म्हणालो.

"हे काय घरातलं न्हाय बाई. घरी आले की जेवाय वाढ, लाईट आली का, परी झोपली का. एवढं लांब वाक्य मला तर कधी न्हाय ऐकवलं. मला वाटायचं हे अबोलच हायत." त्यांनी शेंगांचं सूप उगाच पुढे-मागे केलं. "मी दिवसभर वाट बघायची अन् तुमी दिवसभर बोलून संपवायचा. राग येतोय मला तुमचा, भावजी. खरं सांगते."

दिगू, माझा कुणी हेवा करावा असं माझ्याकडे आजवर काही नव्हतं. मला कळेना की अशा वेळी चेहरा कसा ठेवतात. तू असतास तर तुला विचारलं असतं, तुला सवय होती.

त्यांनी पुन्हा हेडफोन घातले, थोडं ऐकलं आणि थांबवलं. "हितं मधी काय तर न्हाय. ते बोलत्यात, मग गप, मग एकदम हसत्यात. कशाला हसले?"

"असंच."

"असंच कोन हसतं? तुमी काय तर म्हनला असाल. तुमचं कुठं हाय?"

"कापलं," मी म्हणालो. "तुम्हाला त्याचा आवाज हवा होता म्हणून."

"अवो, तुमी बोलल्याशिवाय ते असं बोललेच नसते की! निम्मं भांडन घिऊन मी काय करू?"

मी लॅपटॉप उघडला. नाव बदलून ठेवलेली फाईल काढली आणि लावली. तू म्हणतोस, मला माझंच सुचल्यासारखं करतो. मग माझा आवाज, तुझ्यापेक्षा पातळ आणि चिडका: "तुला सुचेल त्या दिवशी मी हार घेऊन येतो." मग तुझं हसू. मग, "शाल पन आन, पंत. अन् नारळ सोललेला आन, मागच्या वेळचा कुनाला फुटला न्हाय."

वहिनी इतक्या हसल्या की शेंगा सांडल्या. मी सांडलेल्या शेंगा गोळा करत राहिलो. ते दोन दिवस होऊन गेले होते, दिगू, आणि तुला काही सुचलं नव्हतं. मी कोडमध्ये तपासलंय. साधा आवाज साठवायची ओळ तू लिहिली नाहीस. याबद्दल तुझ्याशी मला अजून बोलायचंय, आणि या वेळी मी चिडणार नाही, कारण या वेळी मी बरोबर आहे हे सिद्ध करायला मला काहीही करावं लागत नाही. फक्त ते ऐकायला तू समोर लागतोस.

"अजून हायत का अशी?" वहिनींनी विचारलं.

होती. बरीच होती. सगळ्यांचा एको मी काढून ठेवला होता, रोज एक याप्रमाणे ऐकत होतो. 'एवढीच आहे' हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. ते खोटं आहे हे कळायचा त्यांना काही मार्ग नव्हता. या एका फायलीवर परीचं काम भागलं असतं. बाकीचा तू माझा राहिला असतास, खोलीवरचा, भांडणातला, ज्याची वाटणी मी कुणाशी केली नव्हती.

"आहेत," मी म्हणालो. "पुष्कळ आहेत."

"मग च्या टाकते," त्या उठत म्हणाल्या. "सगळी लावा. अन् तुमचा आवाज कापू नका आता."

आत जाता जाता त्यांनी अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "परे, खेळ टाक, हिकडं ये! पप्पा अन् काका भांडत्यात, ऐक."